तापलेला अरबी समुद्र आणि पंचगंगेची लाल रेषा

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे, हा पावसाळ्यात कोल्हापुरातल्या घरात, दुकानात आणि एसटी स्थानकावर सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न असतो. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे येथे शाळकरी मुलालाही पाठ असते. कितव्या फुटाला कोणती गल्ली पाण्यात जाते आणि कोणता रस्ता बंद होतो, याचा जुन्या पेठांतल्या माणसांचा अंदाज सरकारी कागदापेक्षा पक्का असतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी हा अंदाज मोडीत काढला. शेवटच्या दोन वेळा पातळी ५५ फुटांच्या वर गेली, पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे रिकामी करावी लागली, आणि ‘आमच्या दारात कधी पाणी आले नाही’ असे पिढ्यानपिढ्या सांगणाऱ्या कुटुंबांना पहिल्या मजल्यावरून बोटीत उतरावे लागले.

या पुरांची कारणे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. कोणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवतो, कोणी धरणांतून उशिरा सोडलेल्या पाण्याकडे, कोणी महामार्गाच्या भरावाकडे, तर कोणी नदीपात्रालगत उभ्या राहिलेल्या इमारतींकडे. गेल्या काही वर्षांत या यादीत हवामानबदलाची भर पडली आहे, आणि तिचा वापर फार सोयीने होतो. पाऊसच असा पडला, त्याला प्रशासन काय करणार, असे म्हणून चर्चा संपवता येते. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. हवामानबदल हे कारण मान्य केले, की गेल्या शतकाच्या नोंदींवर आखलेली पूररेषा (पुराचे पाणी कोठवर येईल हे दाखवणारी नकाशावरची रेषा), त्याच नोंदींवर बेतलेले धरणांचे वेळापत्रक आणि त्या दोहोंवर विसंबून दिलेले बांधकाम परवाने यांचा आधारच निघून जातो. कारण मान्य करायचे आणि रेषा मात्र जुनीच ठेवायची, असे दोन्ही करता येणार नाही.

हे कारण कितपत खरे आहे, हे आधी पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी सह्याद्री ओलांडून अरबी समुद्राकडे जावे लागते. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र शोषून घेतो. त्यामुळे हवेच्या तापमानाचे आकडे जी गोष्ट अर्धवट सांगतात, ती समुद्राचे आकडे पूर्ण सांगतात. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२०च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान मात्र १९५१ ते २०१५ या त्याहून कितीतरी लहान कालखंडात सुमारे १ अंशाने वाढले. एका अंशाने काय बिघडते, असे विचारणाऱ्याने हवेचा एक साधा नियम लक्षात घ्यावा. तापमान एका अंशाने वाढले, की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हे बाष्प नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर कोकण ओलांडून येते, गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरांना अडून वर चढते, थंड होते आणि कोसळते. वारा जोरात असेल त्या दिवशी ते किती कोसळेल, हे समुद्रावर किती बाष्प तयार होते यावर मोठ्या प्रमाणात ठरते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे उत्तर अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांची वाढलेली चंचलता होती. त्याच साधारण काळात देशाचा एकूण मोसमी पाऊस मात्र सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ही घट ठळकपणे दिसते त्या प्रदेशांत गंगेच्या मैदानाबरोबर पश्चिम घाटही आहे. एकूण पाऊस कमी आणि अतिवृष्टी अधिक, हे ऐकायला विसंगत वाटते, पण ज्याने गेल्या काही वर्षांत शेती केली आहे त्याला यात नवल वाटणार नाही. पावसाचे दिवस कमी झाले, मधले खंड लांबले, आणि जो पाऊस पडतो तो थोड्या दिवसांत पडतो.

२०१९ हे वर्ष याचे चांगले उदाहरण आहे. त्या वर्षी जूनमध्ये देशात सरासरीपेक्षा सुमारे ३३ टक्के कमी पाऊस झाला. पुढे ऑगस्टमध्ये सुमारे १५ टक्के आणि सप्टेंबरमध्ये तर ५० टक्क्यांहून अधिक जादा पाऊस झाला, आणि हंगाम संपला तेव्हा सरासरीच्या ११० टक्के असा समाधानकारक आकडा जाहीर झाला. हा आकडा खोटा नव्हता, पण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ज्याचे घर पाण्यात होते, त्याच्यासाठी तो निरुपयोगी होता. २०२१मध्ये जुलैच्या २२ आणि २३ तारखांदरम्यान महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे शिरोळसारख्या तालुक्यात अख्ख्या वर्षात जेवढा पडतो त्याहूनही जास्त. मग २०२३ साली ऑगस्ट महिना देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आणि २०२५मध्ये मोसमी वारे २४ मे रोजी केरळात व २६ मे रोजी मुंबईत पोचले, जेव्हा आपल्याकडे वळवाचीही पुरती वाट पाहून झालेली नव्हती. या चारही वर्षांची मिळून सरासरी काढता येईल, पण त्या सरासरीचे वर्ष प्रत्यक्षात कोणी जगलेले नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. पूर पूर्वीही येत होते. नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळा म्हणजे कृष्णेचे पाणी एका दाराने देवळात शिरून दत्तपादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडण्याचा क्षण, आणि त्यासाठी भाविक अजूनही लांबून येतात; नदी चढते हे ज्या संस्कृतीने सणासारखे स्वीकारले, तिला पुराचे नावीन्य कोण शिकवणार? शिवाय कोणताही एक पूर हवामानबदलामुळेच आला, असे छातीठोकपणे सांगता येत नाही, हेही खरे आहे. परंतु कोणीही जबाबदार शास्त्रज्ञ तसे म्हणत नाही. म्हणणे एवढेच आहे, की तापलेल्या समुद्रामुळे अशा पुरांची शक्यता वाढते. नियोजन हे नेहमी शक्यतेवरच करायचे असते. पूर पूर्वी येत होते या वाक्यातून, तेवढेच आणि तेवढ्याच अंतराने येत राहतील, असा निष्कर्ष निघत नाही.

समुद्र तापण्याबरोबर आणखी दोन गोष्टी घडतात: समुद्राची पातळी वाढते आणि आर्क्टिकचा बर्फ घटतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे बर्फ वितळून समुद्र वर आला तरी तो काही रंकाळ्याला मिळणार नाही, असा विनोद मी ऐकला आहे. ग्रीनलंडच्या हिमस्तरातून दरवर्षी सुमारे २७० अब्ज टन आणि अंटार्क्टिकातून सुमारे १५० अब्ज टन बर्फ घटत असल्याचे उपग्रहांनी २००२पासून केलेल्या मोजमापातून दिसते. या पाण्यामुळे आणि तापलेले पाणी स्वतःच प्रसरण पावत असल्यामुळे उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटरने वाढत होती. विसाव्या शतकातल्या वेगाच्या हा वेग साधारण दुप्पट आहे. याचा थेट फटका मालवण, वेंगुर्ल्याच्या खाड्यांना आणि खारजमिनींना बसेल. घाटाखालच्या त्या मुलखाशी कोल्हापूरचा व्यवहार किती आहे, हे मात्र विनोद करणारे विसरतात. करूळ, फोंडा, आंबा या घाटांनी रोज वर येणारी मासळी, आंबा, काजू आणि खाली जाणारा भाजीपाला, दूध, धान्य यांवर दोन्हीकडची बरीच घरे चालतात. अतिवृष्टीत दरडी कोसळून हे घाट बंद पडतात तेव्हा ते कळते. खुद्द पन्हाळगडावर जाणारा मुख्य रस्ता २०२१च्या पावसात खचला होता. मासळीचेही तेच आहे. बांगडा आणि तारली हे मासे पूर्वीपेक्षा उत्तरेकडे सरकल्याचे सागरी मत्स्य संशोधनात नोंदवले गेले आहे, आणि मालवणच्या किनाऱ्याजवळच्या प्रवाळांना पाण्याची वाढती उष्णता मानवत नाही.

आर्क्टिकचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९७९पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे, आणि सप्टेंबरमधला तेथील समुद्री बर्फ दशकाला बारा-तेरा टक्के या गतीने कमी होत आला आहे. पांढरा बर्फ गेला की खालचे काळे पाणी उघडे पडते, ते अधिक ऊन शोषते आणि उरलेला बर्फही लवकर वितळतो. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाची घट आणि भारतातील हंगामाच्या उत्तरार्धातली अतिवृष्टी यांत संबंध असू शकतो, असे मांडले आहे. हा दुवा अजून अभ्यासाखालचा आहे आणि तो गृहीत धरून मी माझे म्हणणे उभे करणार नाही. अरबी समुद्राचा पुरावा त्यासाठी पुरेसा आहे. त्याच समुद्रात २००१ ते २०१९ या काळात चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत सुमारे निम्म्याने वाढली. निसर्ग आणि तौक्ते ही नावे कोकणाला एका वर्षाच्या आत पाठ झाली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखल्या जातात. पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात काही अटींवर परवानगी मिळते. शंभर वर्षांतून एकदा हा शब्दप्रयोग सामान्य माणसाची सर्वांत मोठी फसगत करतो, कारण २०१९ साली असा पूर आला म्हणजे आता २११९पर्यंत निर्धास्त राहायचे, असा त्याचा अर्थ घेतला जातो. खरा अर्थ असा आहे, की दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता १ टक्का आहे. वीस वर्षांचे गृहकर्ज काढून त्या रेषेवर घर घेणाऱ्या माणसाला कर्ज फिटण्याआधी एकदा तरी पूर पाहावा लागण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते. आणि हवामान बदलल्यामुळे हाच पूर शंभराऐवजी चाळीस वर्षांतून एकदा येऊ लागला, तर तीच शक्यता सुमारे ४० टक्क्यांवर जाते. चाळीस हा आकडा मी उदाहरणादाखल घेतला आहे. खरा आकडा काय, हे काढण्याचे काम जलसंपदा विभागाचे आहे, आणि तो काढून लोकांपुढे ठेवावा, हीच माझी मागणी आहे.

अडचण अशी, की या रेषा मागच्या पन्नास-शंभर वर्षांच्या प्रवाहनोंदींवरून काढल्या जातात. मोठ्या पुरानंतर रेषा थोडी वर सरकवली, तरी पद्धत तीच राहते, आणि त्या पद्धतीच्या तळाशी असे गृहीत असते, की पुढची पन्नास वर्षे मागच्या पन्नास वर्षांसारखीच असतील. जगातल्या कोणत्याही हवामानशास्त्रीय संस्थेचे आज असे मत नाही. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे वर्ष औद्योगिक क्रांतीपूर्व काळाच्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांनी अधिक उष्ण होते. १९६०च्या दशकातल्या थंड समुद्रावरून आलेल्या पावसाची नोंद घेऊन २०५०सालची लाल रेषा आखणे, हे शास्त्र म्हणून टिकणारे नाही.

पंचगंगेची घडणही अशी आहे, की तिला चुकीला फारशी जागा देता येत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकमानसातली गुप्त सरस्वती यांचा प्रयाग चिखलीला संगम होतो. या साऱ्या नद्या आखूड आहेत, तीव्र उताराच्या घाटातून येतात आणि वर पडलेला पाऊस फार वेळ न दवडता शहराच्या दारात आणून ओततात. शहराच्या पुढे मात्र उतार जवळजवळ संपतो. नदी वळणे घेत संथ वाहते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा स्वतः फुगलेली असली, की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे तुंबते. एकाच जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि शिरोळला जेमतेम पाचशेच्या आसपास, आणि तरी पुरात सर्वांत जास्त दिवस राहते ते शिरोळ, याचे कारण हेच. तेथे पूर आकाशातून येतच नाही, तो नदीने चालत येतो आणि मुक्कामाला थांबतो.

आता अलमट्टी. धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याला महाराष्ट्राने केलेला विरोध योग्य आहे आणि फुगवट्याचा, म्हणजे धरणामागे तुंबणाऱ्या पाण्याचा, स्वतंत्र, उघड अभ्यास झाल्याशिवाय ती वाढू नये, असेच मलाही वाटते. परंतु २०१९च्या पुराचे सारे खापर अलमट्टीवर फोडणे आकड्यांत बसत नाही. त्या ऑगस्टमध्ये अलमट्टीतून सेकंदाला पाच लाख घनफुटांहून अधिक विसर्ग चालू होता. पाच लाख क्युसेक म्हणजे दिवसाला सुमारे ४३ टीएमसी (अब्ज घनफूट). अलमट्टीची एकूण साठवण १२३ टीएमसीच्या आसपास आहे. म्हणजे धरण पूर्ण रिकामे असते तरी त्या प्रवाहाने ते तीन दिवसांच्या आत भरून टाकले असते. राज्य सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनेही अलमट्टीला या पुराचे मुख्य कारण मानले नाही. हे सांगितले की येथे माणसे रागावतात, कारण शत्रू सीमेपलीकडे असणे राजकारणाला परवडते आणि लाल रेषेच्या आतला शत्रू ओळखीचा निघतो. पुराचे पाणी बोगद्यांनी दुष्काळी भागाकडे वळवण्याच्या कल्पनेलाही हेच गणित लावून पाहावे. दुष्काळी भागाला पाणी मिळाले पाहिजे यात शंका नाही, पण एक टीएमसी पाणी एका दिवसात वाहून न्यायचे तर साडेअकरा हजार क्युसेकचा बोगदा लागतो, आणि महापुरात ते एका टीएमसीने भागत नाही.

आपल्याकडच्या धरणांचेही तसेच आहे. राधानगरी, तुळशी, कासारी आणि कुंभी या पंचगंगेच्या पाणलोटातल्या चार प्रमुख धरणांची साठवण मिळूनही वीस टीएमसीच्या आत आहे, आणि धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोटात पडणाऱ्या पावसाला तर कोणतेच दार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राधानगरीचे काम सुरू केले ते दुष्काळाच्या आठवणीतून, आणि पाणी अडवणे हाच त्यामागचा दूरदर्शी हेतू होता. त्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक पातळीला पोचले की आपोआप उघडतात. ते अभियांत्रिकीचे कौतुकास्पद काम आहे, पण पूर येणार म्हणून आठवडाभर आधी जागा करून ठेवणे हे त्या दरवाज्यांचे काम नव्हे. इतर धरणांबाबत तसे करता येते, परंतु तेथे खरा पेच आहे. ऑगस्टच्या आरंभी धरण अर्धे रिकामे ठेवावे, तर २०२३सारखा कोरडा ऑगस्ट आला की रब्बीचे आणि पिण्याचे पाणी गेले. भरून घ्यावे, तर २०१९सारखा ऑगस्ट आला की शहर गेले. एकाच पदावरच्या अधिकाऱ्याला दोन्ही चुकांसाठी दोषी धरले जाते, म्हणून तो धरणात केव्हा किती पाणी ठेवायचे हे ठरवणाऱ्या जुन्या परिचालन सूचीला चिकटून राहतो, कारण ती पाळल्याबद्दल कोणी चौकशी लावत नाही. उपाय सूची फाडून टाकण्यात नाही. दोन आठवड्यांपर्यंतच्या हवामान अंदाजाला सूचीत अधिकृत स्थान द्यावे, आणि त्या अंदाजावर घेतलेला निर्णय पुढे चुकला तरी अधिकाऱ्याला संरक्षण असावे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या विसर्गाची आकडेवारी दर तासाला सर्वांना दिसावी, ही अपेक्षाही काही अवाजवी नाही.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. ज्या बंधाऱ्याला साऱ्या महाराष्ट्रात आपल्या गावाचे नाव मिळाले, त्याची सगळी युक्ती बरग्यांत, म्हणजे घालता-काढता येणाऱ्या फळ्यांत आहे. पाऊस ओसरला की बरगे घालायचे, पाणी अडवायचे, आणि पावसाळ्यापूर्वी काढून घ्यायचे, म्हणजे पुराला वाट मोकळी राहते. या व्यवस्थेत पंचांगासारखी एक खात्री गृहीत धरलेली आहे, की पावसाळा केव्हा लागतो आणि केव्हा संपतो हे ठाऊक आहे. मेच्या चौथ्या आठवड्यात मोसमी पाऊस आला, तर बरगे घातलेल्या बंधाऱ्यावर पाणी चढते, बरगे काढायला माणूस उतरवणे धोक्याचे होते आणि काठाची शेते बुडतात. ऑक्टोबर लांबला, तर बरगे कधी घालायचे हे कळत नाही.

शेतीत याचे पडसाद आधीच उमटले आहेत. ऊस हे पाण्यात तग धरणारे पीक म्हणून नदीकाठी वाढत गेले, आणि चार-दोन दिवसांच्या पुरात ते खरेही ठरत असे. शेंडा बरेच दिवस पाण्याखाली राहिला, की मात्र वाढीचा कोंब कुजतो, कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा येतात आणि साखरेचा उतारा घसरतो. ऑक्टोबरमधल्या लांबलेल्या पावसाने शिवारात घात (वाफसा) येत नाही, तोड रखडते, गुऱ्हाळांच्या चुलवाणाला कोरडे जळण मिळत नाही. वळवाच्या पावसावर ज्यांचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, त्या हुमणी किडीचे वेळापत्रकही आता शेतकऱ्याच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. नदीकाठच्या पट्ट्यात उसाला दुसरा पर्याय शोधा, असे सांगणे सोपे आहे. हमखास दर आणि कारखान्याची तोड ज्या पिकाला मिळते ते सोडून शेतकऱ्याने गवत किंवा वैरण का लावावी, याचे उत्तर दर देऊन द्यावे लागेल, उपदेशाने नाही.

जंगलाबद्दल थोडेच सांगतो. राधानगरी अभयारण्यापासून पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारापर्यंत आपल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवर, पावसाळ्यापुरती जगणारी वनस्पतीसृष्टी आहे. खडकावरच्या वीतभर मातीत आणि साचलेल्या पाण्यात तिचे वर्ष संपते. हिमालयात तापमान वाढले तर एखादी जात वर सरकू शकते. आपल्या भागात सह्याद्रीचा माथा मात्र हजार मीटरच्या आसपास संपतो, आणि सड्यावरच्या फुलाला त्याच्या वर चढायला डोंगरच नाही. पश्चिम घाटाला २०१२मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, पण त्या दर्जाने पावसाच्या खंडापासून संरक्षण मिळत नाही. सड्यांवर खाणी आणि पवनचक्क्यांचे रस्ते पसरू न देणे, एवढे तरी आपल्या हातात आहे. भिजलेला सडा आणि दाट जंगल पाणी सावकाश सोडतात, हा त्यांचा खालच्या शहराशी असलेला थेट संबंध आहे.

या सगळ्याला जबाबदार कोण, या प्रश्नावर आपल्या सभांमध्ये फार वेळ जातो. अमेरिकेचे दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन वर्षाला चौदा टनांच्या आसपास आणि भारताचे दोन टनांच्या आसपास आहे. त्यामुळे उत्सर्जन घटवण्याचा मोठा भार श्रीमंत देशांनी उचलला पाहिजे, ही भारताची भूमिका न्याय्य आहे. परंतु उद्या सगळ्या जगाने धूर थांबवला, तरी समुद्रात साठलेली उष्णता दशकानुदशके निवळणार नाही. अरबी समुद्राचे तापमान कोल्हापूर महापालिकेच्या हातात नाही. दुधाळी, सुतारवाडा, कुंभार गल्ली, नागाळा पार्क या भागांत पुढची इमारत कोठे उभी राहील, हे मात्र तिच्या हातात आहे.

म्हणून मागणी नेमकी करावी लागते. पंचगंगेची निळी आणि लाल रेषा पुढच्या पन्नास वर्षांच्या पावसाच्या अंदाजांवर नव्याने काढावी, आणि ती गट क्रमांकासह नकाशावर सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी. सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर तिची नोंद व्हावी, म्हणजे सदनिका घेणाऱ्याला व्यवहारापूर्वी कळेल. नव्या रेषेच्या आत ज्यांची जमीन येईल त्यांना विकास हक्क दुसरीकडे वापरू द्यावेत, कारण मोबदल्याशिवाय आखलेली रेषा न्यायालयात आणि त्याआधी मंत्रालयात पुसली जाते. महामार्गाचे आणि नव्या रस्त्यांचे भराव पाण्याला वाट देणाऱ्या मोऱ्या आणि खांबांवरचे पूल यांत बदलावेत. आणि जे आधीच काठावर राहतात त्यांच्याशी वेगळ्या भाषेत बोलावे लागेल. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला पर्यायी जागा देऊन बराच काळ लोटला, तरी गोठा, शेत आणि दूधसंस्था नदीकाठीच असल्यामुळे अनेकांचा पाय गावातून निघत नाही. त्यांना हट्टी म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. घराबरोबर जनावराची, चाऱ्याची आणि शेतापर्यंतच्या रस्त्याची सोय नसलेले पुनर्वसन हे अर्धेच पुनर्वसन असते.

या मागणीला एक तातडीचे निमित्तही आहे. १९७२मध्ये महापालिका झाल्यापासून कोल्हापूरची हद्द वाढलेली नाही, आणि हद्दवाढीच्या बाजूने व विरोधात गेली कित्येक वर्षे आंदोलने चालू आहेत. दरम्यान शहर थांबलेले नाही. ते हद्दीबाहेरच्या गावांत, स्वस्त जमिनीकडे आणि बऱ्याचदा नदीकडे वाढत गेले आहे. एका हद्दीत महापालिका परवाना देते, दुसरीकडे नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण, आणि पूर मात्र दोन्हीकडे एकाच दिवशी शिरतो. हद्दवाढ व्हावी की न व्हावी याचा निकाल लागेल तेव्हा लागो. शिये, वडणगे, आंबेवाडी, शिरोलीच्या शिवारात आणि शहराच्या पेठांत लाल रेषा एकच असावी आणि ती एकाच यंत्रणेने राखावी, हा निर्णय त्याच्यासाठी थांबवून ठेवण्याचे कारण नाही.